शकूवन्संची मागची सीट

आमच्या शकूवन्सं कुठल्याही वस्तूला आधी टिचकी मारायच्या आणि मग तिच्याबद्दल मत द्यायच्या. कलिंगडाला काय, सगळेच मारतात. ह्या बाई दाराला मारायच्या, कपाटाला मारायच्या, नव्या भिंतीला मारायच्या आणि गवंड्यादेखत सांगायच्या, "अजून ओली हाय. रंग लावू नका, पापुद्रे निघतील." सवय कारखान्यातली. पेणमध्ये कारखाना म्हटलं की गणपतीचा, आणि मूर्ती आतून वाळली की नाही ते टिचकीच्या आवाजावर कळतं. पण मला बघायला आलेल्या पाहुण्यांत त्या होत्या तेव्हा मला हे कुठून ठाऊक असणार? मी चहाचा ट्रे घेऊन वाकले, आणि त्यांनी माझ्या पाठीत बोटाने हळूच ठोकलं. चहा बशीत सांडला. त्या आमच्या सासूबाईंना म्हणाल्या, "आवाज बरा हाय. घेऊन टाका."

अशी माझी निवड झाली. तक्रार नाही.

शकूवन्सं म्हणजे आमच्या यजमानांची थोरली बहीण. माहेर रोह्याचं, म्हणजे आत्ता मी जिथे बसून लिहितेय तेच घर. सासर पेणचं. कारखान्यात त्यांचं काम आखणीचं, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखायचं. ब्रश टेकवला की श्वास रोखायचा, रेघ संपली की सोडायचा. तेवढा वेळ त्या गप्प असायच्या. बाकी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंड चालू. त्यांच्याकडचे जुने कारागीर बाळूकाका म्हणायचे, "देवाला दोनच डोळे दिलेत हे आमचं नशीब. आणखी चार दिले असते तर आम्हाला जरा शांतता मिळाली असती."

मी काही कमी बोलते असं नाही. पण त्यांच्यासमोर मला सुद्धा लोक मितभाषी समजायचे.

आता मूळ गोष्टीकडे येते. आमच्या रोह्याच्या घरी गणपती यायचा तो पेणहून, वन्संच्या मांडीवर बसून. टेम्पोत नाही, गाडीच्या डिकीत नाही, एसटीत तर नाहीच. लग्न होऊन पहिल्या वर्षी त्या माहेरी आल्या त्या नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर गणपती घेऊन, आणि तेव्हापासून तोच रिवाज पडला. वन्संचे यजमान होते तोवर स्कूटर होती. ते गेल्यावर मुलगा मंदार पुढे बसायला लागला, साधी मोटारसायकल आली, पण मागची सीट वन्संचीच. वडखळ, गडब, नागोठणे, मग भिसे खिंड उतरून रोहा. ह्या रस्त्यावरचे खड्डे त्यांना नावानिशी ठाऊक. एका खड्ड्यात त्यांच्या मोठ्या दिरांची सायकल गेली होती, म्हणून तो भाऊजींचा खड्डा. एकात लग्नाचा आहेर भिजला, तो आहेराचा. हायवे किती वेळा उकरला आणि किती वेळा भरला, पण त्या मागून सांगायच्या, "मंदार, हळू, आता भाऊजी येतील." आणि खरोखर यायचे.

एकदा मी विचारलं, "वन्सं, कंबर मोडते तुमची. एवढा हट्ट कशाला? टेम्पोत गादी घालून आणू की गणपती."

त्या गणपतीच्या कानाची कड घासत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "गणपती येईल गो टेम्पोतनं. माझं काय?"

"तुम्ही कारने या."

"कुसुम, तू खुळी हायस. पुरुषमाणूस समोर बसवलास तर बोलतो का? तोंडाकडे बघतो, हं म्हणतो, उठून जातो. तोच पाठमोरा बसव, हातात हँडल दे. पळून जाऊ शकत नाय, तोंड लपवावं लागत नाय. मग बोलतो. ह्यांनी जन्मभर मला जे काय सांगितलं ना, ते स्कूटरवर सांगितलं. घरात फक्त मीठ कमी हाय एवढंच."

हे मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पण मंदारला बघितलं की पटायचं. मुलगा सोन्यासारखा, रोह्याजवळच्या धाटावच्या कंपनीत कामाला, शिफ्ट पाळणारा, आईला औषधं आणून देणारा. फक्त घरात आला की कानात ते गाण्याचं बोंडूक आणि हातात फोन. आई काही म्हणाली की "हं." जेवण कसं झालंय? "हं." मामी आली आहे. "हं." गाडीवर मात्र पेण सोडलं की वन्सं त्याच्या हेल्मेटवर टिचकी मारायच्या आणि सुरू व्हायच्या, आणि नागोठण्यापर्यंत तोही बोलायला लागायचा. कंपनीतलं कोण कसं, कुठली शिफ्ट नको वाटते, पूर्वी एका मुलीने नाही म्हटलं होतं तेही. हे सगळं वन्संना मागच्या सीटवर कळलेलं.

तर त्या मंदारने जाहीर केलं, जुनी गाडी काढायची आणि मोठी घ्यायची. रोज पेण-रोहा करायचं तर दमदार गाडी पाहिजे. आणि गणपती यंदापासून कंपनीतल्या मित्राच्या कारने पाठवू.

"आणि मी?" वन्सं म्हणाल्या.

"तू पण कारने. आई, त्या गाड्यांवर मागे बसायचं नसतं. मागे नुसती नावाला सीट असते."

"मागे बसायचं नाय तर ती गाडी कसली, ती खुर्ची झाली," वन्सं म्हणाल्या आणि मला फोन केला. फोनवर आवाज नेहमीचाच खोडकर होता, पण मध्येच एकदा त्या थांबल्या. डोळे रेखत नसताना थांबल्या, हे मला नवीन होतं. मी दुसऱ्या दिवशी पेणला गेले. तोवर वन्संनी मंदारकडून कबूल करून घेतलं होतं, की गाडी घे, पण कुठली ते मी मागे बसून ठरवीन.

मंदारच्या मनात दोन मॉडेलं होती, आणि तशा दोन्ही गाड्या त्याच्या कंपनीतल्या मित्रांकडे होत्या. निळी इम्रानची. इम्रान रोह्याचाच, त्याचा भाऊ कतारला, त्यामुळे घरात वस्तू चांगल्या आणि बोलणं गोड. काळी निनादची. निनाद गडबचा, बोलायला फटकळ. दोन्ही गाड्या जवळजवळ सारख्या ताकदीच्या, दोन्हींच्या अंगावर ते प्लास्टिकचं झाकण नाही. सगळं यंत्र बाहेर.

"ही अशी का उघडीवाघडी?" वन्संनी विचारलं.

"तिला नेकेडच म्हणतात, आई."

मला वाटलं आता ऐकायला मिळणार. पण वन्सं गाडीभोवती एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, "बरं हाय. आपला गणपती पण रंगाच्या आधी असाच असतो. तेव्हाच खरं काम दिसतं. रंग चढला की भेगा लपतात." मग टाकीवर टिचकी.

दोघा मित्रांना समजलं की निकाल ह्या बाईच्या हातात आहे. मग काय, प्रचार सुरू. इम्रान खजूर घेऊन आला. निनाद घरच्या पोह्याचे पापड. वन्सं दोन्हीकडचं खात होत्या आणि दोघांना तोंडावर सांगत होत्या, "खाल्लं म्हणून मत मिळेल असं समजू नका."

इम्रान म्हणाला, "मावशी, हिला चार सिलिंडर हायत. लोण्यासारखी चालते. टाकीवर नाणं उभं करा, पडणार नाय."

निनाद म्हणाला, "नाणं घेऊन फिरायचंय का गाडी घेऊन? काकी, ह्याची गाडी जोरात पळवली तरच जागी होते. माझीला दोनच सिलिंडर, पण पहिल्यापासून ओढते. बैलासारखी. वडखळच्या गर्दीत कामाला बैल लागतो, घोडा नाय."

"आणि हादरे?" इम्रान म्हणाला. "उतरल्यावर मावशीचे दात मोजावे लागतील."

वन्संनी दोघांना थांबवलं. "दोन्ही चालू करा."

दोन्ही चालू केल्या. निळी एकसारखी गुणगुणत होती, काळी ठक ठक करत होती. वन्सं डोळे मिटून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "घरात चार बायका असल्या की एकीचा आवाज दुसरीत मिसळतो. सासू-सून दोघीच असल्या की भांडी ऐकू येतात. यात चांगलं-वाईट काय नाय. कोणाला कशाची सवय त्यावर हाय."

मग त्यांनी परीक्षा ठरवली. कारखान्यात साच्यातून काढलेले कच्च्या शाडूचे उंदीर होते, अजून भट्टी नाही, रंग नाही, शेपटी सुतळीएवढी बारीक. दोन उचलले. एक निळीवर न्यायचा, एक काळीवर. पत्र्याच्या झाकणात ठेवायचा, खाली कापूस नाही, चिंधी नाही, झाकण सीटवर, आपल्या पुढ्यात. ज्या गाडीवरचा उंदीर धड परत येईल तिच्यावर गणपती बसेल आणि मागे वन्सं.

"भट्टी" मी चुकून लिहिलं. शाडूला भट्टी नसतेच, तो उन्हावाऱ्यावर वाळतो. वन्सं असत्या तर इथेच माझ्या पाठीत टिचकी बसली असती.

बाळूकाकांना हे पसंत नव्हतं. "देवाचं वाहन वाहनावर बसवतेस?"

"मग काय झालं? तो पण बघेल, पुढची पिढी कशी चालते."

आता बसायचं कसं, हा प्रश्न आला. जन्मभर त्या एका बाजूला पाय सोडून बसलेल्या. ह्या गाड्यांना साडी अडवायला जाळी नाही, पाय टेकायला फळी नाही, सीट उंच आणि पुढे उतरती. वन्सं आत गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या तर अंगावर त्यांच्या सासूबाईंची नऊवारी, काष्टा घट्ट खोचलेला, अंबाडा खाली ओढून त्यावर हेल्मेट. गल्लीतल्या बायका दारात आल्या.

मंदार म्हणाला, "आई, हे काय?"

"तुझ्या गाडीने जाळी काढून टाकली. कोणीतरी कपडे बदलायला पाहिजेत ना? गाडी बदलणार नाय, मग मीच बदलले." आणि कारखान्याच्या पायरीवरून, बाळूकाकांच्या खांद्याचा आधार घेऊन, दोन्हीकडे पाय टाकून बसल्या. बसल्यावर इकडे तिकडे पाहिलं आणि माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "कुसुम, इतकी वर्षं आपण उगाच कुशीवर प्रवास केला गो."

पहिली निळी. पेणहून गडबला जाऊन यायचं. मंदार चालवायला. निळी सुटली ती रेशमी कापड फाडावं तसा आवाज करत. परत आली तेव्हा मंदारचा चेहरा दिवाळीतल्या पोरासारखा झालेला. वन्सं मात्र एक शब्द बोलल्या नाहीत. उतरल्या, पदर झाकणावर ओढला, उंदीर आत नेला.

"मावशी, कशी हाय?" इम्रानने विचारलं.

"गाडी फार गोड हाय, बाबा. वडखळला थांबलो तेव्हा पोटऱ्या शेकून निघाल्या, पण चालताना कळतसुद्धा नाय बसलोय ते."

मग काळी. ही निघाली ती सावकाश, हुंकार देत. पुष्कळ वेळ झाला तरी येईना. निनाद अंगठ्याचं नख खायला लागला. शेवटी गल्लीच्या तोंडाशी ठक ठक ऐकू आली, आणि त्याच्याबरोबर वन्संचा आवाज. त्या बोलतच येत होत्या. मंदार मान अर्धी मागे करून काहीतरी उत्तर देत होता. दारात थांबले तरी वन्संचं वाक्य चालूच. मग सावकाश उतरल्या. "तळव्यांना मुंग्या आल्या," एवढंच म्हणाल्या, आणि दुसरा उंदीरही पदराखालून आत.

निकाल दुसऱ्या दिवशी. कारण ओली चीर त्याच वेळी दिसत नाही, वाळल्यावर दिसते, असं वन्संचं म्हणणं. दोघांनी मान्य केलं. मतमोजणीच्या आदल्या दिवसासारखे चेहरे करून घरी गेले.

सकाळी सगळे जमलो. वन्सं फळीकडे गेल्या. फळीवर उंदीरच उंदीर, एका ओळीत, सगळे एका साच्याचे, सगळ्यांना पांढऱ्या रंगाचा पहिला हात दिलेला, सगळ्यांच्या शेपट्या जाग्यावर.

"इथे दोन वेगळे ठेवलेले ते कुठे?" वन्संनी विचारलं.

बाळूकाका पांढऱ्याचा डबा ढवळत होते. "ते होय? एकाची शेपटी मोडली होती. लावली. ओला हात फिरवला, मग म्हटलं सगळ्यांबरोबर पांढरा पण देऊन टाकू."

"अहो काका," निनाद म्हणाला, "कुठल्याची मोडली होती?"

"उंदराची."

"पण कुठल्या? उजवीकडच्या की डावीकडच्या?"

बाळूकाकांना प्रश्नच कळेना. "मोडलेली दिसली, लावली. मग काय मोडकी ठेवू? कारखाना हाय का कोर्ट?"

आता ह्यात त्यांचा तरी काय दोष? पेणच्या माणसासमोर मोडका कान किंवा तुटकी सोंड आली की हात आपोआप ओल्या मातीकडे जातो. पुरावा वगैरे नंतर. इम्रान ओळीतला एकेक उंदीर उचलून उन्हात धरून बघायला लागला. निनाद म्हणाला, तो काकांच्या हातची जोड शोधतोय, त्याला जन्मात सापडणार नाही. सापडलीच नाही. वन्सं मोडक्या पाटावर बसल्या आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवशी कुठल्याच गणपतीला डोळे मिळाले नाहीत, हात स्थिर राहीना.

हसू ओसरल्यावर म्हणाल्या, "जाऊ दे. उंदराला काय विचारायचं? बसले मी होते. काळी घे."

मंदारने निळीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "हं."

दुपारी मला एसटीला सोडायला त्या स्टँडपर्यंत आल्या. मी म्हटलं, "वन्सं, खरं सांगा. उंदीर तुम्हीच उतरवलेत, तुम्हीच आत नेलेत. तुम्हाला ठाऊक असणार."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "काळीवरच्याची मोडली गो. वडखळ यायच्या आधीच. निळीवरचा जसा गेला तसा आला, मिशीसुद्धा हलली नाय."

"मग निळी जिंकली की."

"जिंकली."

"आणि तुम्ही काळी घ्यायला लावलीत? त्याला निळी आवडली होती, दिसत होतं."

"दिसत होतं," त्या म्हणाल्या. जराही ओशाळल्या नाहीत. "निळीवर बसला की तो पुढे पुढे जातो, गाडीच नेते त्याला. मी तीनदा टिचकी मारली हेल्मेटवर, कळलंच नाय. काळी चालते हळू आणि तिला त्याचं काय वाटत नाय. जाऊन येईपर्यंत पोराने मला काय काय सांगितलं. गणपतीला मी धरीन गो घट्ट, त्याची काळजी नको. माती मोडली तर बाळूकाका हायत. हे दुसरं कोण जोडून देणार?"

एसटी आली. मी चढले. मला त्यांना रागवायचं होतं, पण खिडकीतून पाहिलं तर त्या स्टँडवरच्या बाकड्याला टिचकी मारून बघत होत्या.

काळी आली. गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी मी रोह्याला दारात ताम्हन, पाणी आणि ओवाळून टाकायला भाकरतुकडा घेऊन उभी. आमचे हे मागे टोपी शोधत होते. त्या गणपतीनंतर वन्सं पुन्हा रोह्याला आल्या नाहीत, त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. तेव्हा कोणाला ठाऊक होतं? मला एवढीच काळजी, की दोन्हीकडे पाय टाकल्यावर मांडी राहत नाही, मग मांडीवरचा गणपती म्हणायचं कशाला.

कोपऱ्यावरून काळी वळली. नऊवारी, हेल्मेट, आणि दोघांच्या मध्ये, आई-बापांच्या मध्ये लेकरू बसवतात तसा, तोंडावरून रुमाल घेतलेला गणपती. वन्संचे दोन्ही हात त्याच्याभोवती, मंदारच्या पाठीचा त्याला टेकू. धड होता. सोंड, कान, बोटं, सगळं.

मंदारने दाराशी गाडी थांबवली, किल्ली फिरवली. ठक ठक बंद झाली आणि गल्ली एकदम शांत झाली. मी ताम्हन घेऊन पुढे झाले. वन्संनी माझ्याकडे न बघता तळहात वर केला, थांब जरा. त्या बोलत होत्या.

"...तर तुझे बाबा तिथेच, खिंडीत, स्कूटर बाजूला लावून बसले. पाऊस नाय, काय नाय. मी म्हटलं, झालं काय? तर म्हणाले, घरी गेल्यावर सांगता येणार नाय, म्हणून इथेच सांगतो."

आमचे हे टोपी घालून बाहेर आले आणि म्हणाले, अगं, देव ताटकळलाय. मी त्यांना गप्प बसायची खूण केली. मंदारने हेल्मेट काढलं नव्हतं. हँडलवरचे हातही काढले नव्हते. मान तेवढी अर्धी मागे वळवली.

"मग?" त्याने विचारलं.